एक काना जास्त

"जन्मजात आजार योजनेत बसत नाही," मंजुरीवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल माझ्याकडे ढकलली.

"अहो, पण आजार जन्मजात नाहीच आहे. जरा नीट वाचा."

"नीटच वाचलंय. हे बघा. वाचा तुम्हीच."

मी वाचलं. 'सदर औषध रुग्णाच्या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी प्रतिसादास अटकाव करते.' 'जन्मजात'खाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. दुसरी रेघ पहिलीपेक्षा जाड होती.

"बाई, 'जन्मजात' हे प्रतिकारशक्तीचं विशेषण आहे. आजाराचं नाही!" माझा आवाज चढला. मागच्या रांगेतला माणूस मान लांब करून बघायला लागला.

"काका, मला व्याकरण नका शिकवू. रोज सत्तर फाइली येतात माझ्यासमोर. नियम नववा, जन्मजात आजार वगळून. तुमच्या पत्रात जन्मजात आहे. मी डॉक्टर नाही, मी शब्द बघते. ज्याने कोणी हे पत्र लिहिलंय ना, त्याला जाऊन विचारा."

"विचारतो," मी म्हणालो आणि फाइल उचलून बाहेर आलो. पत्र मीच लिहिलं होतं.

मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या पत्रव्यवहार विभागात गेली चौतीस वर्षं लिपिक आहे. डॉक्टर आपापल्या अक्षरात आणि आपापल्या भाषेत जे काही खरडतात, त्याचं वाचता येईल असं पत्र करणं हे माझं काम. मला सगळे 'कानामात्रा' म्हणतात. तोंडावर 'कानामात्रासाहेब', पाठीमागे नुसतंच. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटायचं. चौतीस वर्षांत माझं एकही पत्र परत आलं नाही. मी मात्र लोकांचे अर्ज भरपूर परत पाठवले. वेलांटी चुकली म्हणून एका म्हाताऱ्याला मी दोनदा जिने चढायला लावले होते. मंजुरी कार्यालयाच्या पायरीवर उभं असताना नेमका तोच आठवला, आणि त्याचाही मला रागच आला. आठवायला हीच वेळ सापडली का त्याला?

राग कोणावर काढावा तेच कळत नव्हतं. बाईंवर काढावा, तर त्या माझ्यासारख्याच. नियमावर काढावा, तर तो छापील. आपलेच दात, आपलेच ओठ.

पत्र लिहिलं त्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या टेबलाशी येऊन बसल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण डोकं तल्लख. त्या म्हणाल्या, "काका, सोपं लिहा. शरीराची पहिली फळी, असं काहीतरी."

"फळी? बरण्या ठेवायच्यात का? सरकारी पत्र आहे हे, बाई."

"बरं, मग तुम्ही ठरवा."

मी ठरवलं. परिभाषा कोश काढला. त्यात दोन शब्द होते, एक 'उपजत' आणि दुसरा 'जन्मजात'. उपजत बुद्धी, उपजत गळा असं आपण कौतुकाने म्हणतो, तो शब्द आजाराच्या पत्रात मला हलका वाटला. जन्मजात कसा भारदस्त. मी भारदस्त शब्द निवडला, सुवाच्य टाइप केला, खाली सही घेतली, आणि त्या दिवशी घरी जाताना स्वतःवर खूश होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रुग्ण म्हणजे माझी ताई. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, साठीची. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम ती चाळीस वर्षं करते आहे. माझी बायको गेली, मुलगी दूर गेली, आणि दोन वर्षांपूर्वी ताई आणि मी एका घरात राहायला लागलो. ताईने लग्न केलं नाही. का नाही केलं, ते आमच्या घरात कोणी विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. ताई नाटकी आहे. रोज संध्याकाळी तिला काहीतरी होतं. ताप येतो, सांधे धरतात, अंगावर डाग उठतात. सकाळी दवाखान्यात न्यावं तर ताप नाही आणि अंग आरशासारखं स्वच्छ. डॉक्टर आईकडे बघायचे, आई ताईकडे बघायची, ताई जमिनीकडे. मधे वर्षभर बरं असायचं, मग पुन्हा सुरू. आई म्हणायची, "हिचा ताप घड्याळ लावून येतो." ती टोमणा मारत होती. ती खरं बोलत होती हे आम्हांला कळायला एकतीस वर्षं लागली.

एका घरात राहायला लागल्यावर महिनाभर मी बघितलं. रोज सहाच्या सुमारास ताई पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून निजायची, आणि दहाला उठून भांडी घासायची. कोणाला सांगायची नाही. नाटक करणाऱ्याला प्रेक्षक लागतो, आणि ही तर दार लावून घ्यायची. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडून त्यांना एके दिवशी संध्याकाळी सहापर्यंत थांबवून घेतलं. सहा वाजून दहा मिनिटांनी ताईने बाही वर केली. कोपरापासून खांद्यापर्यंत फिकट गुलाबी डाग. बाई खुर्चीतून उठल्याच.

"किती वर्षं आहे हे?"

"एकतीस," ताई म्हणाली. "सकाळी नसतं."

"या आजारात नसतंच सकाळी," बाई म्हणाल्या. ताई एकदम रडायला लागली. तिला बरं करणारं औषध अजून यायचं होतं, नुसतं हे वाक्य ऐकून रडली.

मग तपासण्या झाल्या, नाव कळलं, औषध कळलं. बाईंनी ताईला समजावलं ते मला अजून पाठ आहे. "शरीरात दोन प्रकारचे राखणदार असतात, ताई. एक शिकलेले, ते जंतू ओळखून, पारखून मग मारतात. दुसरे अडाणी, जन्मापासून दारावर उभे. ते कोणी आलंय असं वाटलं की आधी शिट्टी मारतात, मग विचार करतात. तुमच्यात जंतू नाही, काही नाही, तरी हे दारावरचे रोज शिट्ट्या मारतायत. त्या ऐकून सगळं शरीर धावत सुटतं. म्हणून ताप."

"मग औषध त्या शिट्टीवाल्याला मारतं?"

"नाही नाही. त्याला मारून कसं चालेल? तो लागतो. औषध ऐकणाऱ्यांच्या कानात बोळे घालतं."

ताईने माझ्याकडे बघितलं. "ह्याच्या कानात तर औषधाशिवायच आहेत," ती म्हणाली. "जन्मजात."

बाई हसल्या. मीही हसलो. आता वाटतं, तो शब्द माझ्या डोक्यात तिथूनच शिरला असावा.

पहिले सहा महिने हॉस्पिटलने आपल्या कोट्यातून औषध दिलं. रोज एक बारीक सुई, पोटाच्या कातडीखाली. आठवड्यात ताप गेला. ताई संध्याकाळी बाहेर फिरायला जायला लागली. संध्याकाळी बाजार उघडा असतो हे तिला माहीत होतं, पण साठाव्या वर्षी ती तो कित्येक वर्षांनी निवांत बघत होती. परत येऊन मला सांगायची, "अरे, त्या चौकातले दिवे पिवळे आहेत!" मी म्हणायचो, "ताई, ते वीस वर्षांपासून पिवळे आहेत." "असतील," ती म्हणायची.

सहा महिन्यांनंतर मात्र औषध आरोग्य निधीतूनच मिळणार होतं. आमच्या दोघांच्या पगारात ते येणं शक्य नव्हतं. त्यासाठी मंजुरी, मंजुरीसाठी पत्र, आणि पत्रात माझा शब्द.

फाइल परत आली त्या दिवशी मी घरी जाऊन आधी फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात अकरा सुया होत्या.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"कार्यालयात सगळे अडाणी बसलेत. एकालाही विशेषण कळत नाही!"

"नामंजूर झालं का?"

"तात्पुरतं."

तिने माझ्या हातातून फाइल घेतली. दुकानात काचेवरचा ओरखडा शोधते तशी डोळ्यांजवळ धरून तिने ते वाक्य वाचलं. मग लाल रेघा बघितल्या.

"हे कोणी लिहिलं?"

मी फाइल परत घ्यायला हात पुढे केला.

"कानामात्रा, मी तुला विचारतेय."

"शब्द बरोबर आहे, ताई. कोशात आहे."

"बरोबर असेल रे. पण ही बाई काय समजणार, ते तुला नको कळायला? जन्मजात म्हटलं की लोकांना काय वाटतं? आईच्या पोटातून घेऊन आली." तिने फाइल मिटली. "मी चांगली होते. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत मला काही नव्हतं. तू तर मला जन्मापासूनची आजारी करून टाकलीस."

एरवी ती ओरडली असती तर मी उलट ओरडलो असतो. ती ओरडली नाही, त्यामुळे मला काहीच करता येईना. मी फ्रिजचं दार पुन्हा उघडून सुया मोजल्या. अकराच होत्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "काका, मी म्हटलं होतं ना, फळी लिहा!" तरी त्यांनी लगेच नवं पत्र दिलं. त्यात मी 'उपजत' लिहिलं. पण एकदा जन्मजात म्हणून शेरा पडला की नुसत्या पत्राने भागत नाही. आजार मागाहून सुरू झाला याचा पुरावा लागतो. जुने केसपेपर कुठून आणणार? सकाळच्या कागदांवर सगळीकडे 'तपासणीत काही आढळले नाही' एवढंच. उरला एक छापील नमुना, 'कुटुंबीयाचा जबाब. आजाराची सुरुवात केव्हा व कशी झाली? स्वतः पाहिले असेल तेच लिहावे.'

इतरांचे शेकडो जबाब मी लिहून दिलेत. जेवणाच्या टेबलावर बसून मी झोकात सुरुवात केली, 'रुग्णाच्या कथनानुसार सदर लक्षणे...'

ताई मागे उभी राहून वाचत होती. "कथनानुसार काय? तू तिथे होतास."

"कुठे?"

"तुझ्या लग्नात."

मला आठवत होतं. आठवत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या पंगती चालू होत्या. फोटोवाला सगळ्यांना उभं करत होता. ताई माझ्याजवळ आली आणि तिने बाही वर करून हात पुढे केला. "बघ ना, हे काय झालंय. अंगात पण कणकण आहे." मी बघितलं. म्हणजे डोळे तिकडे वळवले. म्हणालो, "ताई, आज तरी नको." मग ती फोटोत उभी राहिली, अगदी कडेला. तोंड लाल, डोळ्यांत पाणी. सगळ्यांनी तिला रुसकी ठरवलं. धाकट्याचं आधी झालं म्हणून पोटात दुखतंय, असं मामी म्हणाल्या. फोटो बिघडला म्हणून मी तो अल्बममध्ये लावलाच नाही.

त्या फोटोचं पाकीट कपाटात तळाशी सापडलं. फोटोतल्या ताईच्या गळ्यावर, कानाखाली, आणि उघड्या हातावर गुलाबी ठिपके स्पष्ट दिसत होते. मागे तारीख होती, माझ्याच अक्षरात. तेव्हाही माझं अक्षर चांगलं होतं.

मी पहिला कागद फाडला. दुसरा घेतला आणि लिहिलं, 'माझ्या लग्नाच्या दिवशी संध्याकाळी ताईने मला हात दाखवला. हातावर गुलाबी डाग होते. अंगात ताप आहे असे ती म्हणाली. त्याआधी तिला असे कधी झाले नव्हते. मी लक्ष दिले नाही. सकाळी डाग नव्हते, म्हणून मी ते खोटे मानले. पुढची एकतीस वर्षे तेच मानले. सोबत त्या संध्याकाळचा फोटो जोडला आहे.' एकही जोडाक्षर अडलं नाही. ताईने वाचलं आणि दिवा मालवायला उठली.

"अगं, मी अजून बसलोय!"

"बस मग अंधारात," ती म्हणाली, पण दिवा तिने चालूच ठेवला.

मंजुरीवाल्या बाईंनी सगळं सावकाश वाचलं. नव्या पत्रासोबत आणखी एक चिठ्ठी होती, 'आधीच्या पत्रातील शब्दाची चूक लिपिकाची आहे, डॉक्टरांची नाही.' खाली माझी सही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"म्हणजे ते पत्र तुम्हीच लिहिलं होतं?"

"हो."

"आणि त्या दिवशी माझ्यावर ओरडत होता?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "या जबाबात 'खोटे मानले' हे नसतं लिहिलं तरी चाललं असतं, काका."

"नसतं चाललं."

"फोटो मूळच ठेवावा लागेल. झेरॉक्समध्ये डाग दिसणार नाहीत." मी मान हलवली. त्यांनी फोटो इतर कागदांबरोबर जुळवला आणि पंच यंत्र दाबलं. एक भोक फोटोतल्या माझ्या नव्या कोटातून आरपार गेलं. एरवी मी कार्यालय डोक्यावर घेतलं असतं. बाईंनाच वाईट वाटलं. "अगं बाई! नवऱ्यामुलालाच लागलं." मी म्हणालो, "असू दे. ताई दिसते ना, झालं."

"गुरुवारी समिती बसते," बाई म्हणाल्या. समिती त्या गुरुवारी बसली नाही. पुढच्या गुरुवारी बसली, तेव्हा सदस्य कमी पडले. रोज मी फोन करायचो, रोज कोणीतरी 'उद्या' म्हणायचं. हॉस्पिटलचा साठा भरती असलेल्यांसाठी, त्यातून एक सुई काढायची डॉक्टरीणबाईंना सोय नव्हती. कप्प्यातल्या सुया सात झाल्या, चार झाल्या, एक झाली. मग कप्प्यात नुसतंच लिंबू राहिलं.

बिनसुईच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई दुकानातून लवकर आली. पांघरूण घेतलं आणि सवयीने भिंतीकडे वळली. मी खुर्ची ओढून पलंगाशी बसलो.

"इथे काय बसलायस? जा, बातम्या बघ."

"बसू दे."

"बघण्यासारखं काय आहे?"

सहा-सव्वासहाला डाग उठायला लागले. आधी दंडावर, मग गळ्याशी. एकदम येत नाहीत ते. आधी कातडी नुसती तापते, मग कोणी बोट टेकवून काढल्यासारखे एकेक उमटतात. मी वेळ लिहून ठेवली, फोटो काढले. मला आणखी काही येत नव्हतं. तिच्या बोटांचे सांधे सुजले. दुसऱ्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाची काच फोडली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "तुझी चिठ्ठी आणि माझी काच. झाली फिटंफाट."

पाच संध्याकाळी अशा गेल्या. सहाव्या दिवशी दुपारी मंजुरी आली.

मी जिने उतरून थेट औषधाच्या खिडकीवर गेलो. वाटेत कागद वाचला. मंजुरीवाल्या बाईंच्या टायपिस्टने लिहिलं होतं, 'रुग्णाच्या उपजात प्रतिकारशक्तीवरील औषध एक वर्षासाठी मंजूर.' उपजात! एक काना जास्त. औषधवाला मला वीस वर्षं ओळखतो. त्याच्या पाट्यांवरच्या चुका मी भर रांगेत दुरुस्त केल्या आहेत. त्याने कागद घेतला, वाचला, आणि त्याच्या तोंडावर हसू पसरलं.

"कानामात्रासाहेब, शब्द जरा तपासता का? नाहीतर परत पाठवून दुरुस्त करून आणू?"

माझ्या खिशात लाल पेन होतं. नेहमीच असतं.

"शब्द बरोबर आहे," मी म्हणालो. "औषध दे."

बर्फाच्या डब्यातून औषध घरी आणलं. कप्प्यातलं लिंबू काढून टाकलं आणि तीस सुया एकसारख्या लावल्या. ताईने पहिली सुई टोचून घेतली. त्या संध्याकाळी ताप आला. दुसऱ्या दिवशीही आला, पण कमी. मी चिडचिड केली, डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी मला दम दिला, "काका, दोन दिवस धीर धरा."

चौथ्या दिवशी मी कामावरून येऊन चहा टाकत होतो. ताई टेबलाशी बसली होती. घड्याळात सहा वाजून गेले होते.  तिने बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात टेबलावर माझ्यापुढे ठेवला.

मी गॅस बंद केला. तिनेच काचा बसवून दिलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, खुर्ची जवळ घेतली आणि मनगटापासून बघायला सुरुवात केली. कोपर बघितलं, दंड बघितला, हात उलटा करून आतली बाजू बघितली. हात साफ होता.

"पुरे की आता," ताई म्हणाली. "काही नाहीये तिथे."

"थांब," मी म्हणालो आणि बघत राहिलो.